अंगावरचे पित्त आणि रक्ताची साक्ष

अंगावर पित्त उठले म्हणजे घरात काय धांदल उडते हे तुम्हांआम्हां सर्वांना ठाऊक आहे. आजी आमसुले भिजत घालते. त्यांचा कोळ अंगाला चोळायचा, थोडा साखर घालून पोटात घ्यायचा आणि वर घोंगडी पांघरून पडून राहायचे. दोन-चार तासांत गांधी बसतात, खाज थांबते आणि घरातले कोणीतरी निकाल देऊन टाकते, "काल वांग्याची भाजी खाल्लीस ना, तीच बाधली." गोष्ट तिथेच संपते. सुमारे पाच माणसांत एकाला तरी जन्मात केव्हा ना केव्हा असे पित्त उठते, आणि बहुतेकांचे ते जसे येते तसे जाते.

पण काहींची गोष्ट तिथे संपत नाही. त्यांना आज मांडीवर गांधी उठतात, उद्या पाठीवर, परवा सकाळी उठून पाहावे तर ओठच सुजलेला. एक चट्टा बसतो न बसतो तोच दुसरा वर येतो. असे सहा आठवड्यांहून अधिक चालले म्हणजे डॉक्टर त्याला जुनाट पित्त म्हणतात. त्यांच्या भाषेत क्रॉनिक अर्टिकेरिया. शंभर माणसांत एखाद्याला हा त्रास असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जवळजवळ दुप्पट आढळतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात अशी दहा-वीस माणसे असायची. ती बोलत नाहीत एवढेच.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मुलांना शिकवणारा, एम. ए. झालेला एक साधा मास्तर आहे. ह्या विषयात मी शिरलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही आक्का म्हणतो. आक्का खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या अंगावर चौदा महिने पित्त उठत होते. पहिल्यांदा तिने वांगे सोडले. मग अंडी सोडली, मग शेंगदाणे, मग तुरीची डाळ, मग दूध. शेवटी भात आणि मुगाचे वरण एवढेच तिच्या ताटात उरले. वर्गात ती हातावर पदर ओढून उभी राहायची. तरी पुढच्या बाकावरच्या एका मुलीच्या आईने येऊन सांगितले, "बाई, आमच्या पोरीला जरा मागं बसवा. लागलं-बिगलं तर काय करायचं?" ते आक्काच्या फार जिव्हारी लागले.

एके दिवशी ती कागदांनी भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू एवढा शिकलायस, हे वाच बघू. माझ्या रक्तात काय आहे ते मला एकदा नीट सांग."

त्या कागदांवर प्रथिनांची नावे होती: सीआरपी, डी-डायमर, आयजीई, अँटी-टीपीओ. त्यांतली पहिली दोन नावे २०२० आणि २०२१ ह्या करोनाच्या वर्षांत खेडोपाडी पोचली आहेत, आणि पोचली ती भीतीसकट. डी-डायमरचा आकडा वाढलेला पाहून आक्का रात्रभर झोपली नव्हती. मला त्यातले काहीच कळेना. मग मी वाचले, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण ह्याला पित्त म्हणतो. आयुर्वेदातही ह्याचे जुने नाव शीतपित्त असे आहे, आणि माधवनिदानात त्याचे वर्णन आहे. नाव जुने आहे, रुळलेले आहे, ते आपण तसेच ठेवू. पण यकृतात तयार होणारे जे हिरवट-पिवळे पित्त, त्याचा ह्या गांधींशी संबंध नाही. करपट ढेकर येतात त्या आम्लपित्ताशीही नाही. हा खेळ चालतो कातडीत.

आपल्या कातडीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला, एका विशिष्ट जातीच्या पेशी बसलेल्या असतात. १८७८ साली पॉल एर्लिख ह्या जर्मन विद्यार्थ्याने लाइपझिग येथे आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याने त्यांना 'मास्ट' पेशी म्हटले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ खाऊन-पिऊन पुष्ट झालेली असा होतो. पुढे कळले की त्या दाण्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. धान्याने भरलेली कणगी फुटावी तशी ही पेशी फुटून मोकळी झाली की हिस्टामिन बाहेर सांडते. त्याने जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरते आणि कातडी फुगून वर येते. तीच गांध. हिस्टामिन मज्जातंतूंना डिवचते, म्हणून खाज सुटते. पाझरलेले पाणी पुन्हा शोषले गेले की गांध मागमूस न ठेवता नाहीशी होते. पित्ताची एक गांध सहसा चोवीस तासांपलीकडे टिकत नाही, त्याचे कारण हे.

आता खरा प्रश्न असा की ही कणगी फोडतो कोण?

ह्याचा पहिला धागा १९२१ साली सापडला. ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफ गावी, हाइन्झ क्युस्टनर नावाचे डॉक्टर होते. शिजवलेला मासा खाल्ला की त्यांच्या अंगावर गांधी उठत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ ह्यांना माशाचा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्झ ह्यांनी क्युस्टनरच्या रक्तातला पातळ अंश, ज्याला रक्तद्रव किंवा सीरम म्हणतात, तो थोडासा स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. आणि काय आश्चर्य! प्राउसनिट्झच्या अंगावर त्याच ठिकाणी गांध उठली. म्हणजे किल्ली रक्तात होती. एका माणसाच्या रक्तातून ती दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होती.

ती किल्ली म्हणजे नेमके काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी पतिपत्नींनी, आणि स्वीडनमध्ये उप्साला येथे योहान्सन व बेन्निक ह्यांनी, वेगवेगळ्या वाटांनी एकच प्रथिन शोधून काढले. १९६८ साली त्याचे नाव इम्युनोग्लोबुलिन ई, म्हणजेच आयजीई, असे ठरले. हे एक प्रतिपिंड आहे. प्रतिपिंड म्हणजे परक्या वस्तूला ओळखून तिला चिकटणारे प्रथिन. अँटिबॉडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आयजीई रक्तात किती असते पाहा. एक लिटर रक्तद्रवात सगळी प्रथिने मिळून साठ ते ऐंशी ग्रॅम भरतात. त्यांत आयजीईचा वाटा निरोगी माणसात मिलिग्रॅमच्या पाव हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी. पण हे चिमूटभर प्रथिन मास्ट पेशीच्या अंगावर जाऊन बसते आणि नेमक्या पदार्थाची वाट पाहते. तो पदार्थ आला, आयजीईला भिडला, की कणगी फुटली.

हे वाचल्यावर तुम्ही म्हणाल, मग आक्काने पदार्थ सोडले ते बरोबरच केले! तिलाही तसेच वाटले होते. पण इथेच मेख आहे. मासा खाऊन पित्त उठणाऱ्याला ते खाल्ल्यावर थोड्याच वेळात, बहुधा तासा-दोन तासांच्या आत, उठते, आणि मासा खाल्ला नाही तर उठत नाही. जुनाट पित्ताची चाल अशी नसते. ते उपाशी पोटीही उठते, पहाटे झोपेतही उठते. बहुतेक रोग्यांत त्याला कोणताही पदार्थ जबाबदार नसतो.

मग कोण जबाबदार? १९८६ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी जुनाट पित्ताच्या रोग्यांचे रक्त काढून, त्यातला रक्तद्रव वेगळा करून, तो त्याच रोग्यांच्या कातडीत टोचून पाहिला. कितीएकांच्या अंगावर तिथे गांध उठली. ना मासा, ना वांगे, ना शेंगदाणा. स्वतःचे रक्त पुरले. १९९३ साली लंडनमध्ये हिदे, ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचे कारण दाखवून दिले. आयजीई मास्ट पेशीवर ज्या खुंटीला अडकते, त्या खुंटीलाच जाऊन धरणारी प्रतिपिंडे काही रोग्यांच्या रक्तात असतात. म्हणजे शरीराची राखणदारी करणारी फौज चुकून घरच्याच माणसावर हात टाकते. दुसऱ्या काही रोग्यांत आयजीईच स्वतःच्या शरीरातल्या प्रथिनांना परके समजू लागते. दोन्ही वाटा वेगळ्या, पण कणगी फुटते ती घरच्याच हाताने.

श्रोतेहो, ही गोष्ट समजली म्हणजे दोन गैरसमज गळून पडतात. पहिला, हा रोग लागत नाही. तो जंतूंसारखा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. त्या मुलीला मागे बसवायचे काही कारण नव्हते. दुसरा, माणसाने काहीतरी वावगे खाल्ले म्हणून त्याला ही शिक्षा झाली, असेही नाही.

आता आपण रक्ताच्या त्या कागदाकडे येऊ. त्यावरची प्रथिने ही साक्षीदार आहेत असे समजा. गावात तंटा झाला म्हणजे शहाणा पंच काय करतो? ज्याने जे पाहिले तेवढेच त्याला विचारतो. ज्याने फक्त धूर पाहिला, त्याला आग कोणी लावली हे विचारून उपयोग नसतो.

पहिला साक्षीदार सीआरपी. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस ह्यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत ते भराभर तयार करते. निरोगी माणसात ते लिटरमागे साधारण पाच मिलिग्रॅमच्या आत असते; जंतूंच्या मोठ्या संसर्गात शंभराच्याही वर जाते. जुनाट पित्ताच्या सुमारे एकतृतीयांश रोग्यांत ते वाढलेले आढळते, बहुधा थोडेसेच. ज्यांचा रोग जोरात आहे आणि ज्यांना साध्या गोळ्यांनी उतार पडत नाही, त्यांच्यात ते वाढलेले असण्याचा संभव जास्त. पण हा साक्षीदार एवढेच सांगतो की कुठेतरी धग आहे. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, लघवीतला संसर्ग, अगदी वाढलेले वजन, ह्यांनीही तो आकडा वर जातो. आक्काचा आकडा अकरा होता. डॉक्टरांनी दात पाहिले, घसा पाहिला, लघवी तपासली. काही निघाले नाही. तेव्हा ती धग पित्ताचीच, असे ठरले. सीआरपीवरून जुनाट पित्ताचे निदान होत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरा साक्षीदार डी-डायमर. कुठे जखम झाली की रक्त गोठते. त्या गुठळीत फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे असते. काम झाले की शरीर ते जाळे तोडून टाकते आणि त्याचे तुकडे रक्तात येतात. डी-डायमर म्हणजे असा तुकडा. जुनाट पित्तात, कातडीत दाह पेटला असता, रक्त गोठवणारी यंत्रणाही थोडीशी जागी होते. म्हणून रोग जोरात असताना हे तुकडे वाढतात आणि औषधाने रोग आटोक्यात आला की कमी होतात. इटलीतल्या संशोधकांनी ह्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. पण वाढत्या वयात, गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, कोणत्याही तापात डी-डायमर वाढतोच. तेव्हा पित्ताच्या रोग्यात तो वाढला, म्हणजे हृदयाकडे गुठळी निघाली, असे मुळीच नव्हे. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, छातीत कळ आली, दम लागला, तर तो वेगळा मामला आहे. तिथे घरी बसून आकड्याचा अर्थ लावू नये, डॉक्टर गाठावा.

तिसरा आणि चौथा साक्षीदार एकत्र बोलावायचे असतात. एक आयजीई आणि दुसरा अँटी-टीपीओ. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिच्यातल्या एका प्रथिनावर शरीराने काढलेले प्रतिपिंड म्हणजे अँटी-टीपीओ. तुम्ही विचाराल, पित्त कातडीवर आणि तपासणी गळ्याची, हे कसे? कारण असे की ज्यांची फौज घरच्यांवर उलटते, तिचा हात पुष्कळदा एकाच ठिकाणी थांबत नाही. जुनाट पित्ताच्या रोग्यांत थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे इतर लोकांपेक्षा अधिक वेळा सापडतात. ती सापडली तर थायरॉइडचे कामही एकदा तपासून घ्यावे, कारण त्याच्या बिघाडावर साधा, स्वस्त इलाज आहे.

आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त, अशी जोडी दिसली, तर मास्ट पेशीची खुंटी धरणाऱ्या प्रतिपिंडांचा संशय बळावतो. हा आकडा काय कामाचा? तर पुढच्या औषधाचा अंदाज बांधायला. ओमालिझुमॅब नावाचे एक इंजेक्शन २०१४ पासून ह्या रोगात वापरले जाते. ते आयजीईलाच पकडून ठेवते. ज्यांचे आयजीई मुळातच फार कमी, त्यांना ते अनेकदा उशिरा लागू पडते किंवा पडतच नाही. हे इंजेक्शन महाग आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी साक्षीदाराला चार शब्द विचारलेले बरे. पण ज्याला रोजच्या साध्या गोळीनेच आराम पडतो, त्याला हा प्रश्न विचारायची गरजच येत नाही.

पाचवा साक्षीदार क्वचित लागतो, पण लागतो तेव्हा प्राण वाचवतो. काही माणसांच्या अंगावर गांधी मुळीच उठत नाहीत, खाजही नसते. पण ओठ, चेहरा, हात नाहीतर घसा सुजतो, पोटात मुरडा येतो आणि पित्ताच्या गोळ्यांनी काही फरक पडत नाही. घरात वडिलांना किंवा आत्यालाही तसेच होत असे. हे पित्त नव्हे. रक्तातल्या सी-वन इनहिबिटर नावाच्या प्रथिनाच्या कमतरतेने होणारा हा आनुवंशिक रोग आहे. ती कमतरता १९६३ साली उघडकीस आली. त्यात सी-फोर नावाचे प्रथिन रक्तात कमी भरते. म्हणून अशा माणसाची सी-फोरची तपासणी करतात. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही अशी सूज येते, तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. तसेच एखादी गांध चोवीस तासांहून अधिक टिकत असेल, खाजेपेक्षा दुखत असेल आणि बसल्यावर काळानिळा डाग ठेवून जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तिथे रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका असते, आणि तपासणीची वाट वेगळी होते.

आता तुम्ही म्हणाल, मग हे पाचही साक्षीदार एकदम बोलावून टाकू. नाही. इथेच आपण फसतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली रीत अगदी साधी आहे. जुनाट पित्ताच्या रोग्याला प्रथम दोन तपासण्या पुरेत: रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि सीआरपी किंवा ईएसआर. रोग चिवट निघाला आणि तज्ज्ञाकडे गेला, तर एकूण आयजीई आणि अँटी-टीपीओ. ह्यापुढचे जे काही, ते रोग्याची हकीकत ऐकून, कारण असेल तरच. पेशींच्या मोजणीत इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तर पोटातल्या जंतांचा विचार करतात. आपल्या शेतीवाडीच्या भागात तो करावाच लागतो.

आक्काच्या पिशवीत सर्वांत जाड कागद होता तो निराळाच. शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिच्या रक्तावर कितीतरी पदार्थांची चाचणी करून दिली होती. त्यासाठी तिचे हजारो रुपये गेले होते. गहू, शेंगदाणा, दूध, तूर, प्रत्येकापुढे एकेक आकडा होता. त्यातले काही आकडे लाल अक्षरांत छापलेले. त्या लाल अक्षरांनी आक्काचे ताट रिकामे केले. खरे पाहता एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात थोडे आयजीई सापडणे म्हणजे तो पदार्थ बाधतो असे नव्हे. पुष्कळ लोक असे आयजीई अंगात बाळगून तो पदार्थ जन्मभर सुखाने खातात. आणि पदार्थांविरुद्धच्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची जी चाचणी काही ठिकाणी विकली जाते, तिच्यावरून तर काहीच ठरवता येत नाही. आपण जे खातो त्याची ती केवळ ओळख असते. साक्षीदार खोटा नव्हता. त्याला जे ठाऊक नव्हते ते त्याला विचारले गेले.

आणखी एक गोष्ट त्या पिशवीत होती. बारीक पांढऱ्या गोळ्यांची एक पुडी. औषधाच्या दुकानातून कोणीतरी दिलेली. "ह्या एका गोळीनं अर्ध्या तासात बरं वाटतं," आक्का म्हणाली. ती स्टेरॉइडची गोळी होती. आठवड्यातून चार-पाच वेळा ती ही गोळी घेत होती, जवळजवळ वर्षभर. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. पित्ताचा फारच भडका उडाला तर डॉक्टर ते आठ-दहा दिवसांपुरते देतात. पण महिनोन् महिने घेतले तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि गोळी थांबवली की पित्त पुन्हा उठतेच. आक्काच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. प्रथिनांच्या इतक्या आकड्यांत जो आकडा खरोखर काळजीचा होता, तो हा. आणि तो रोगाने आणला नव्हता, उपायाने आणला होता. मात्र अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्यातही धोका आहे. डॉक्टर ती पायरीपायरीने कमी करतात.

आक्काला मी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी जाड कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "वही ठेवता का?" आक्का म्हणाली, "शाळेची ठेवते." त्या हसल्या आणि त्यांनी तिला एक वही आखून दिली. ती तुम्हीही आखू शकता, आणि शिक्षकबंधूंना तर ते काम सोपेच. रोज रात्री दोन आकडे लिहायचे. पहिला गांधींचा: एकही नाही तर शून्य, वीसपेक्षा कमी तर एक, वीस ते पन्नास तर दोन, पन्नासपेक्षा जास्त तर तीन. दुसरा खाजेचा: नाही तर शून्य, थोडी तर एक, बरीच तर दोन, झोप उडवणारी तर तीन. सात दिवसांची बेरीज करायची. ती शून्य ते बेचाळीसच्या मध्ये येते. जगभरचे डॉक्टर ह्याच बेरजेवरून औषध वाढवतात आणि कमी करतात. रक्तातला कोणताही आकडा ह्या वहीची जागा घेत नाही.

औषध म्हणाल तर पहिले औषध साधेच: झोप न आणणाऱ्या नव्या जातीच्या हिस्टामिनविरोधी गोळ्या. सांडलेल्या हिस्टामिनचा मार त्या अडवतात. त्या खाज सुटल्यावर नव्हे, तर ठरावीक वेळी रोज घ्यायच्या, म्हणजे गांध उठण्याआधीच पहारा बसतो. एकीने भागले नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात, गरज पडली तर चौपटीपर्यंत. पण ते त्यांनीच ठरवायचे. अंगदुखीवरच्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी काहींचे पित्त भडकते, तेव्हा त्या विचारून घ्याव्यात. आमसुलाच्या कोळाने अंगाला गार वाटत असेल तर जरूर लावावा, त्याला कोणाची हरकत नाही. मात्र जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडू लागला, चक्कर आली, तर कोळ नको, वही नको, कागद नको. तडक दवाखाना गाठायचा.

आक्काची पहिल्या आठवड्याची बेरीज एकतीस आली होती. तीन महिन्यांनी ती सहावर आली. पांढऱ्या गोळ्या हळूहळू सुटल्या. साखरेवर मात्र अजून लक्ष ठेवावे लागते. पित्त पुरते गेले आहे असे मी म्हणणार नाही; ह्या रोगाला वेळ लागतो. पण पुष्कळांत तो एक ते पाच वर्षांत आपण होऊन शमतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. चौदा महिन्यांत हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तात्पर्य काय, तर रक्त खोटे बोलत नाही, पण ते न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही. तपासणीला जाण्यापूर्वी एकच गोष्ट डॉक्टरांना विचारा: "हा आकडा आला तर तुम्ही माझ्या औषधात काय बदल करणार?" ह्या प्रश्नाचे उत्तर असेल तर तपासणी अवश्य करा. नसेल तर ते पैसे डाळी-दुधावर खर्च करा.

गेल्या महिन्यात मी आक्काकडे गेलो होतो. तिने भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी वाढली आणि स्वतःच्याही ताटात घेतली. मी तिच्याकडे पाहू लागलो तेव्हा म्हणाली, "बघतोस काय? जेव की." आणि त्या पुढच्या बाकावरच्या मुलीचे विचारले, तर कळले की ती केव्हाच आपल्या जागी परत आली आहे. आक्काने पालकांच्या सभेत फळ्यावर गांधीचे चित्र काढून, मी तुम्हाला आज जे सांगितले तेच, माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सांगितले होते. तुमच्या गावातही कोणी हातावर पदर किंवा बाही ओढून बसत असेल. त्यांना हे सांगा.